मावठ्यानंतरचा डोह : चोरल खोऱ्यातील एका ओढ्यातल्या मासेमरीचा प्रकरण अभ्यास

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने सिमरोल मागे टाकले की माळव्याचे पठार संपते आणि विंध्याची उतरण लागते. या उतरणीवरचे लहान ओढे दक्षिणेला वाहत चोरल नदीला आणि तिच्यातून नर्मदेला मिळतात. पाणलोटाच्या उत्तर बाजूला पडलेले पाणी मात्र शिप्रा, चंबळ असे करत यमुनेकडे जाते. येथे मांडलेले प्रकरण दक्षिणेकडच्या अशाच एका बिननावाच्या ओढ्याचे आहे. पावसाळ्यात तो गुडघाभर पाण्याने खळाळत उतरतो आणि मार्चपर्यंत त्याचे डोहांची माळ व त्यांना जोडणारी पाण्याची बारीक धार एवढेच रूप उरते. ज्यांच्या शेतातून तो जातो ते कुटुंब इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतले असून घरातल्या वडीलधाऱ्यांना सारे आप्पा म्हणतात.

रंगपंचमीच्या आगेमागे मावठ्याची एक सर येऊन गेली. सर मोठी नव्हती. धूळ बसली, शेतात उभ्या असलेल्या गव्हाची चिंता वाटू लागली, इतकेच. नंतरचा दिवस ढगाळ गेला आणि त्यापुढच्या सकाळी खालच्या डोहात मेलेले मासे तरंगताना दिसले. पाण्याला काळसर, कोऱ्या चहासारखा रंग आला होता. वरच्या शेतकऱ्याने लसणीवर नुकतीच फवारणी केलेली होती, त्यामुळे संशय थेट त्याच्यावर गेला. सणाचे रंग धुऊन ओढ्यात आले असतील असेही काहींचे म्हणणे होते, तर शेतावरच्या गड्याचे मत ठाम होते : "किसी ने दवाई डाली है।" पोलिसात तक्रार देण्याची तयारी झाली होती. तक्रारीला आधार म्हणून पाण्याची तपासणी करून द्यावी, या विनंतीमुळे रसायनशास्त्र शिकवणारा मी या प्रकरणात आलो.

तपासणीची सुरुवात बाटल्यांपासून न करता मेलेल्या जिवांपासून करावी, असे माझे मत आहे, कारण पाण्याची स्थिती तासातासाला बदलते आणि प्रेतांची साक्ष निदान दिवसभर तरी टिकते. डोहात मेलेले बहुतेक मासे आकाराने मोठे होते आणि बोटभर लांबीचे लहान मासे काठाच्या उथळ पाण्यात जिवंत होते. मरळ आणि मागूर हे दोन्ही मासे या डोहात असल्याचे गड्याने सांगितले होते, पण मेलेल्यांत त्यांपैकी एकही नव्हता. खेकडे दगडांवर, पाण्याच्या रेषेच्या वर येऊन बसले होते. पाणकीटकांच्या अळ्या दगडांखाली वळवळत होत्या. कीटकनाशकाने मासे मरतात तेव्हा चित्र सहसा उलट दिसते : खेकडे, झिंगे, कीटकांच्या अळ्या हे संधिपाद प्राणी आधी मरतात, कारण औषध मुळात त्यांच्याच जातीकुळीसाठी बनवलेले असते, आणि माशांतही लहान आकाराचे आधी जातात. ऑक्सिजन कमी पडला तर मोठे मासे आधी मरतात. मरळ आणि मागूर यांना हवेतून श्वास घेण्याची सोय असल्याने ते तगतात. खेकडे पाण्याबाहेर येतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासत होते का, असे विचारल्यावर गड्याने आदल्या दिवशीही तसे पाहिल्याचे सांगितले, परंतु ते त्याला महत्त्वाचे वाटले नव्हते.

दुपारी बाराच्या सुमारास पृष्ठभागाजवळच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दर लिटरला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास भरला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात वन्यजीव आणि मत्स्यपालन यांसाठीच्या पाण्याला किमान ४ मिलिग्रॅमची अट आहे, तर उघड्यावरच्या स्नानासाठी ती ५ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे केवळ हा आकडा कागदावर आला असता, तर पाणी माशांसाठी ठीक ठरले असते आणि विषाचा संशय आणखी पक्का झाला असता. या प्रकरणातला खरा धोका मला येथेच दिसला. ओढ्याचे पाणी तपासायला जाणारा माणूस सकाळी घरून निघतो आणि ऊन डोक्यावर आल्यावर काठावर पोहोचतो, म्हणजे नेमक्या त्या वेळी, जेव्हा ऑक्सिजन दिवसातल्या कमाल पातळीकडे चढत असतो. त्याच ठिकाणी तळाशी बाटली सोडली तेव्हा आकडा दोनच्याही खाली गेला होता.

आकडे वाचताना आधी हे ठरवावे लागते की त्या पाण्यात ऑक्सिजन मुळात किती मावू शकतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवेशी समतोलात राहतो, २५ अंशांना सुमारे ८.३ आणि ३० अंशांना सुमारे ७.६. इंदूरचा परिसर साधारण ५५० मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी आणि म्हणून ही प्रत्येक संख्या सुमारे ६ टक्क्यांनी कमी धरावी लागते. २५ अंशांना ती पावणेआठच्या आसपास येते. उंचीची ही दुरुस्ती न करता मोजणी यंत्र वापरले तर निरोगी पाणीही सतत किंचित उणे दिसते. मार्चमध्ये दिवसाचे ऊन चढते, तसे पाण्याची साठवण क्षमता घटते आणि त्याच वेळी जिवांची ऑक्सिजनची गरज वाढते. उन्हाळ्याच्या तोंडावर ओढे अडचणीत येतात त्याचे एक कारण हे आहे, पण एवढ्याने मासे मरत नाहीत.

निर्णायक मोजणी रात्रीची होती. संध्याकाळी पृष्ठभागावर ऑक्सिजन सहाच्या जवळ गेला होता आणि तळाशी तीनच्या आसपास होता. सूर्य मावळल्यावर शेवाळाची ऑक्सिजननिर्मिती थांबली, परंतु शेवाळ, जिवाणू, मासे आणि तळाचा गाळ यांचे श्वसन चालूच राहिले. वरचे पाणी रात्री थंड होऊन खाली बसू लागले आणि थर मिसळले, म्हणून मध्यरात्रीनंतर वर व खाली जवळपास एकच आकडा मिळू लागला. पहाटे पाचच्या सुमारास सर्व डोहात तो १ मिलिग्रॅमच्या खाली गेला होता. हंगेरियन रसायनतज्ज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड बाटलीत घातले की ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तपकिरी साका तयार होतो. संध्याकाळच्या बाटलीत तो विटकरी तपकिरी होता. पहाटेच्या बाटलीत विजेरीच्या उजेडात दिसलेला साका जवळजवळ दुधासारखा पांढरा होता. आप्पा काठावर घोंगडी पांघरून बसले होते. दोन्ही बाटल्या त्यांच्या हातात दिल्यानंतर तक्रारीचा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही.

पद्धतीविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. असे पाणी बाटलीत भरून तसेच शहरातल्या प्रयोगशाळेत नेले, तर वाटेत बाटलीच्या आतही जिवाणूंचे काम चालू राहते आणि पोहोचेपर्यंत आकडा बदललेला असतो. म्हणून साका काठावरच पाडून घ्यावा लागतो. पुढे साक्यात आम्ल घातले की ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडिन मुक्त होते, आणि स्टार्चने आलेला निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट घालून ते मोजतात. पण पानांच्या अर्काने काळवंडलेल्या पाण्यात मुक्त झालेल्या आयोडिनचा काही भाग सेंद्रिय पदार्थच खाऊन टाकतात व स्टार्चचा निळा रंग नेमका केव्हा गेला हे ठरवणेही कठीण होते. त्यामुळे प्रकाशीय संवेदक असलेल्या मीटरने प्रत्येक वाचन ताडून घेतले. दोन्हींत थोडा फरक होता, पण निष्कर्ष बदलेल इतका नव्हता.

ऑक्सिजनच्या दिवसरात्रीच्या चढउतारावरून वाहत्या पाण्याचे एकूण उत्पादन आणि श्वसन काढण्याची रीत हॉवर्ड ओडम यांनी १९५६ मध्ये मांडली. त्या रीतीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : कोणत्याही तासाला ऑक्सिजनमध्ये झालेला बदल म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची भर, उणे श्वसनाची घट, अधिक हवेतून होणारी भरपाई. डोंगरउतारावरच्या ओढ्यात यातले तिसरे पद इतके प्रबळ असते की पहिली दोन झाकली जातात. उगमाजवळ झिऱ्यातून येणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन पुष्कळदा कमीच असतो, कारण ते बेसॉल्टच्या फटींतून व मातीतून हवेशी संपर्क न येता आलेले असते. तरी दगडांवरून थोडे अंतर खळाळत गेले की ते भरून निघते. म्हणूनच "डोंगरातले वाहते पाणी म्हणजे ताजे पाणी" ही समजूत चुकीची नाही. ती फक्त ओढा वाहत असेपर्यंत खरी असते.

भरपाईच्या दराचा हिशेब येथे थोडा उलगडून दाखवतो, कारण सगळे प्रकरण त्याच्यावर उभे आहे. उथळ ओढ्यांसाठी ओवेन्स आणि सहकाऱ्यांचे १९६४ मधले सूत्र वापरतात. त्यात मीटर प्रति सेकंद एककातल्या वेगाचा ०.६७ घात घेऊन ५.३२ ने गुणायचे आणि मीटरमधल्या खोलीच्या १.८५ घाताने भागायचे. पंधरा सेंटिमीटर खोल व सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने वाहणाऱ्या खळाळासाठी उत्तर दिवसाला सुमारे ८० येते, म्हणजे ऑक्सिजनची कितीही तूट असली तरी तिच्यातली निम्मी बारा-तेरा मिनिटांत भरून निघते. खोल आणि संथ पाण्यासाठी ओ'कॉनर व डॉबिन्स यांचे सूत्र आहे. साठ सेंटिमीटर खोल आणि सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकणाऱ्या डोहासाठी ते दिवसाला सुमारे ०.८५ एवढा दर देते. तेथे निम्मी तूट भरायला वीस तास लागतील. एवढ्या संथ पाण्यात सूत्रांपेक्षा वाऱ्याचा प्रभाव अधिक असतो, म्हणून दुसरी संख्या केवळ अंदाज म्हणून घ्यावी. तरीही एकाच ओढ्यात, हाकेच्या अंतरावर, भरपाईच्या दरात जवळजवळ शंभरपट फरक आहे. हवा तीच आणि पाणीही तेच असताना हा फरक केवळ खोली आणि वेग यांचा आहे.

मग डोह तर दरवर्षीच होतो, मासे याच वर्षी का मेले? उत्तर काठावरच पडलेले होते. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना साग आहे आणि सागाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. पात्रात परातीएवढ्या वाळल्या पानांचा थर साचला होता. कोरडे पान पाण्यात पडले की त्यातील विद्राव्य पदार्थांचा मोठा भाग पहिल्या एकदोन दिवसांतच झिरपून बाहेर येतो. पाण्याचा काळसर रंग हा त्यातल्या टॅनिनसारख्या द्रव्यांचा होता. जिवाणूंनी बारा मिलिग्रॅम कार्बन पूर्ण जाळायचा म्हटला तर त्यांना बत्तीस मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे एका लिटरमध्ये अवघा ३ मिलिग्रॅम विरघळलेला कार्बन जळाला की ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन संपतो. पानांच्या अर्कात यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन सहज असतो. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या खोऱ्यात २०१०-११ च्या पुरांत निलगिरीच्या पानांमुळे असेच काळे पाणी तयार होऊन मोठ्या प्रमाणावर मासे मेले होते. तेथे तो पूर होता, येथे हलकी सर. उलट सर हलकी असणे हेच येथे भोवले. जोराचा पाऊस आला असता तर पानांचा अर्क पातळ होऊन वाहून गेला असता आणि खळाळ पुन्हा चालू झाले असते. मावठ्याने अर्क डोहात आणून सोडण्यापुरतेच पाणी दिले. त्यात दुसरा दिवस ढगाळ निघाला आणि शेवाळाची दिवसाची मिळकत बुडाली.

एवढे झाल्यावर प्रकरण निसर्गाच्या खात्यावर टाकून मोकळे होता आले असते. परंतु रात्रीच्या मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली, जी दिवसा कळणे शक्यच नव्हते. रात्री अकराच्या पुढे डोहात पडणारी बारीक धार मंदावली आणि तासाभरात पूर्ण थांबली. शेतीची वीज पाळीने येते. वरच्या शेतकऱ्याची पाळी रात्रीची होती आणि त्याची पाच अश्वशक्तीची मोटर वरच्या डोहातले पाणी लसणीच्या शेवटच्या ओलितासाठी उचलत होती. अशी मोटर सेकंदाला काही लिटर पाणी सहज ओढते. ओढ्याची त्या दिवसांतली धार सेकंदाला लिटरभरच होती.

लिटरभर धारेने काय फरक पडतो, असा प्रश्न आप्पांनी विचारला आणि तो योग्यच होता. डोह साधारण दहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर खोल, म्हणजे सुमारे चोवीस घनमीटर पाण्याचा. रात्री तासाला अर्धा मिलिग्रॅम दर लिटरला या वेगाने ऑक्सिजन घटत होता, म्हणजे सगळ्या डोहात तासाला बारा ग्रॅमची तूट होती. खळाळावरून येणाऱ्या पाण्यात ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असेल आणि डोहात २ उरला असेल, तर सेकंदाला एक लिटर धार तासाला अठरा ग्रॅमची निव्वळ भर घालते. म्हणजे ती क्षुल्लक धार डोहाची सगळी रात्र तारून नेण्याइतकी होती, आणि नेमकी रात्रीच ती तोडली जात होती. मावठ्यापूर्वीही मोटर चालतच असणार. तेव्हा पाण्यात अर्क नसल्याने डोह कसाबसा निभावत होता. पानांचा अर्क, ढगाळ दिवस आणि बंद पडलेली धार यांपैकी कोणतेही एक वगळले असते तर मासे वाचले असते, असे मला वाटते. मात्र हे मोजणीवरून बांधलेले अनुमान आहे आणि त्याला त्याहून जास्त वजन देऊ नये.

विषाची शंका बाजूला ठेवण्यासाठी एक साधा प्रयोगही केला. पहाटेचे काळे पाणी दोन बादल्यांत भरून दोन्हींत काठावरचे लहान मासे सोडले आणि एका बादलीत मत्स्यपेटीचा छोटा हवापंप लावला. पंप लावलेल्या बादलीतले मासे दिवसभर हिंडत राहिले. दुसऱ्या बादलीतले थोड्याच वेळात वर येऊन तोंड उघडू लागले, तेव्हा त्यांना उचलून पहिलीत टाकले आणि तेही सावरले. हा प्रयोग कीटकनाशकाचा अंश शोधणाऱ्या यंत्राची जागा घेऊ शकत नाही, विशेषतः हळूहळू भिनणाऱ्या विषाबाबत तर नाहीच. पण हवा दिल्यावर ज्या पाण्यात मासा जगतो, त्या पाण्यावर विषाचा आरोप ठेवून शेजाऱ्याला ठाण्यात नेणे योग्य नाही, एवढे ठरवायला तो पुरेसा होता.

उपाय शोधताना पहिली सूचना पाने काढून टाकण्याची आली. ती मी मान्य केली नाही. दाट सावलीतल्या लहान ओढ्यात अन्नसाखळीचा पाया पडलेली पाने हाच असतो. पाणकीटक ती कुरतडतात आणि त्यांच्यावर मासे जगतात. पात्र झाडून साफ केले तर पुढच्या वर्षी मरायलाही मासे उरणार नाहीत. डोहाच्या अगदी मुखाशी अडकलेला ढिगारा तेवढा बाजूला केला. मोटर बंद करा असे वरच्या शेतकऱ्याला सांगणे हे आम्हां कोणालाच पटणारे नव्हते, कारण त्याचे पीक त्याच पाण्यावर उभे होते आणि वीज केव्हा यावी हे त्याच्या हातात नव्हते. त्याच्या ओटल्यावर चहा घेता घेता जो मार्ग निघाला तो प्लंबरच्या दुकानातला होता : मोटरच्या वाहक पाइपला टी-आकाराचा एक जोड आणि व्हॉल्व्ह बसवून त्यातून लिटरभर पाणी खळाळाच्या माथ्यावरच्या दगडांवर सोडायचे. मोटर रात्री चालली की तीच खालच्या डोहाला पाणी देईल. मावठा पडल्यावर दोन रात्री व्हॉल्व्ह जरा जास्त उघडायचा, हे त्याने आपणहून सुचवले. व्हॉल्व्ह बसल्यानंतर पहाटे घेतलेले वाचन चारच्या वर होते. तोवर पाण्याचा रंगही निवळत आला होता, त्यामुळे सुधारणेचे सगळे श्रेय व्हॉल्व्हला देता येणार नाही.

पाण्याच्या दर्जाचे निकष एका आकड्यात सांगितलेले असतात आणि तो आकडा दिवसाच्या कोणत्या प्रहरी मोजायचा हे काठावरच्या माणसावर सोडलेले असते, याची अडचण मोठ्या नदीत फारशी जाणवत नाही. लहान ओढ्यात मात्र पहाटेचे एक वाचन दुपारच्या अनेक वाचनांपेक्षा मोलाचे ठरते. जेथे रात्रभर बसणे शक्य नाही, तेथे सूर्योदयापूर्वी एक आणि ऊन उतरताना एक, शिवाय दोन्ही वेळी तळाचे पाणी, एवढे तरी घ्यावे.

याच ओढ्यावर थोडे खाली स्टॉप डॅम बांधण्याचा गावाचा विचार आहे. पाणी अडले तर विहिरींना उपयोग होईल, त्यामुळे त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण त्या भिंतीमुळे आणखी एक खोल, संथ डोह तयार होईल आणि आज तेथे असलेला खळाळ पाण्याखाली जाईल. आप्पांमार्फत सरपंचांकडे दोन मागण्या पोहोचवल्या आहेत. भिंतीत मधोमध अरुंद खाच ठेवावी, म्हणजे मार्चमधली बारीक धारही रुंद भिंतीवर पसरून न झिरपता एकाच जागी खाली पडेल. आणि सांडव्याखाली गुळगुळीत काँक्रीट ओतण्याऐवजी मोठे दगड रचावेत, जेणेकरून पडणारे पाणी फुटेल आणि पुढच्या डोहात शिरताना हवा घेऊन जाईल. दगड त्याच पात्रातले मिळतील, पण खाचेसाठी नकाशा बदलावा लागेल, आणि तो मंजुरीला जाण्यापूर्वी बदलला तरच त्याचा उपयोग आहे.